कंदिलाचा डबा

धरणगाव
१७ फेब्रुवारी १९५७

चि. मंदास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तारीख घालायची याही वेळी राहिली. इतिहासाच्या मास्तराच्या पोरीनं तरी असं करू नये. टपालाच्या शिक्क्यावरून मी १३ फेब्रुवारी धरली आणि पेन्सिलीनं वर लिहून ठेवली.

देवपूरला नोकरीला लागल्यापासून तू महिन्याला एक कार्ड टाकतेस. तब्येत ठीक, पांझरेला पाणी आहे किंवा नाही, घरमालकीण इंदिराबाईंचा खोकला बरा आहे किंवा नाही. यावेळी चक्क चार पानं, आणि तीही कामाची. सातवीच्या वर्गात तुला मतदानाचा पाठ घ्यायचा आहे आणि बावन्न साली मी तो कसा घेतला होता ते हवं आहे. मी किती खूश झालो ते लिहीत नाही, नाहीतर पुढच्या महिन्यात परत कार्डावर येशील.

तेव्हा तू आठवीत माझ्याच वर्गात होतीस, वर्गप्रमुखाच्या निवडणुकीला उभीही होतीस, म्हणून बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी टेबलाच्या या बाजूनं सांगतो. आपल्या गल्लीतल्या इंदरचंदशेठच्या घरून मी बिस्किटांचे दोन रिकामे डबे आणले. झाकणाला फट पाडून घेतली. एकावर कंदिलाचं चित्र चिकटवलं, ते तुझं. दुसऱ्यावर केळीचा घड, तो छगनचा. सरकारी रीत होती तशीच ठेवली होती: चिठ्ठी कोरी, तिच्यावर फक्त शाळेचा शिक्का, आणि ज्याच्या डब्यात टाकली त्याचं मत. पडदा नव्हता म्हणून हिंदुस्थानचा मोठा नकाशा दोरीवर टाकला आणि डबे त्याच्या मागं ठेवले. पोरं एकेक करून कन्याकुमारीच्या खालून वाकून आत जायची. तुझ्याकडे नकाशा असेल तर नवा घे, नाहीतर जुन्या राज्यांच्या सीमा बघून पोरं तुलाच प्रश्न विचारतील.

प्रचाराला एक आठवडा दे. आश्वासनं वहीत लिहून घे. गेल्या परीक्षेत एकानं मला लिहून दिलं होतं की लोकशाही म्हणजे जो जास्त ओरडेल त्याचं राज्य. मी त्याला अर्धा गुण दिला.

आणि एक. मोजणी तू करू नकोस. दोन्ही बाजूंची दोन-दोन पोरं बसव आणि वर्गासमोर, मोठ्यानं मोजायला लाव.

अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, यंदा दोन मेला आहे. तुझी माय आत्तापासून विचारते, "आवंदा तरी मनी पोर येई का? बठ्ठास्न्या पोरी येतस, मनी मातर कागद धाडस." सगळ्यांच्या पोरी सणाला माहेरी येतात आणि तुझं नुसतं पत्र, अशा तीन आखाज्या झाल्या मंदा. मुलींचा झोका दरसाल इंदरचंदशेठच्या दारच्या निंबाला बांधतात आणि तिथं माहेरी आलेली शेठची प्रेमकुंवर असते, म्हणून तू येत नाहीस, हे मायला कळतं. मलाही कळतं.

तुझा
आबा


धरणगाव
१० मार्च १९५७

चि. मंदास,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला. मागल्या आठवड्यात आम्हां मास्तरांना खऱ्या मतदानाच्या कामाला जुंपलं होतं. माझी नेमणूक चार कोसांवरच्या एका खेड्यात, तिथल्या शाळेच्या एकाच खोलीत. शाई मी लावत होतो. दिवसभरात अडीचशे माणसांची बोटं धरली. दोन आज्यांनी मला बांगड्या भरणारा समजून दुसरा हातही पुढं केला.

धुरपदाबाई म्हणून एक म्हातारी सकाळी पहिलीच आली, मत दिलं आणि बाहेर पाराजवळ बसून राहिली. दुपार झाली तरी तिथंच. मी पाणी प्यायला बाहेर गेलो तेव्हा म्हटलं, "आजी, काम झालं, आता घरी जा." तर म्हणते, "मना कागद त्या पेटीमा शे. त्याले सोडीसन मी घर कशी जाऊ?" पेट्यांना लाखेचा शिक्का बसला, त्या गाडीत चढल्या, गाडी वळणाआड गेली, तेव्हा कुठं ती उठली. मला म्हणाली, "नीट मोजज्यात बरं, भाऊ." मोजणी मी करत नाही हे तिला सांगितलं नाही. हो म्हणालो.

तू विचारलं आहेस की मोजणी वर्गासमोर करावी असं मला वाटतं, तर बावन्न साली मी दोन्ही डबे घेऊन ऑफिसात का गेलो आणि दार का लावलं. तुझी स्मरणशक्ती चांगली आहे. त्या दिवशी वर्गात फार गलका होता, हे एक कारण. शिवाय पाठ पहिल्यांदाच घेत होतो, पद्धत नीट बसली नव्हती.

तुझं पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं. "वर्गात मी मुलींना हेच शिकवते की कुणी तोंडावर दिलेल्या शब्दावर जाऊ नका." वीस वर्षांच्या पोरीनं असं शिकवावं याचं वाईट वाटलं. पण मी तुला काय सांगणार?

आठवीचे पेपर पुढ्यात आहेत. माय बरी आहे.

तुझा
आबा


धरणगाव
२१ एप्रिल १९५७

चि. मंदास,

आज हे पत्र पूर्ण करायचंच आहे. तीन वेळा लिहिलं आणि तीनही वेळा चुलीत घातलं. मायनं विचारलं, "कसाना कागद जाळतस?" मी म्हणालो, पेपर तपासून झाले ते.

प्रेमकुंवर आली आहे. कडेवर मुलगी आहे, दीड वर्षांची. तिचा नवरा चाळीसगावचा धंदा आवरून रायचूरला कापसाच्या व्यापारात चालला आहे. पाच मेला ती सगळी तिकडे जातील. ती म्हणते, इतक्या लांबून आता सात-आठ वर्षं तरी येणं होणार नाही.

परवा मी पेपरांचा गठ्ठा घेऊन घरी येत होतो, ती आपल्या ओट्याशी उभी होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "मास्तरजी, एक विचारायचं राहिलंय. जायच्या आधी विचारून घेते. मी चिठ्ठी मंदाच्याच डब्यात टाकली होती, कंदिलाच्या. मग तिला एक कमी कशी पडली?"

मी गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. तीच पुढं म्हणाली, "नकाशाच्या मागं अंधार होता ना. पाच वर्षं झाली, मला सारखं वाटतं, माझाच हात चुकला असेल. घडाच्या डब्यात पडली असेल. मी तिच्यासमोर गळ्याला हात लावून शपथ घेतली होती, ती खोटी झाली असेल."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "पेपर तपासायचेत बाई, मग बोलू." आणि घरात आलो.

तिचा हात चुकला नव्हता मंदा. तुला वीस मतं होती. छगनला एकोणीस.

आता सगळं सांगतो. मतदानाच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तर चहा पिताना म्हणाले, "काय मास्तर, उद्या घरचंच राज्य येणार म्हणतात." सगळे हसले. मीही हसलो. थट्टाच होती, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण रात्रभर माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. मला गावात सरळ माणूस म्हणत, आणि मला ते फार आवडायचं. तुला पहिला नंबर मिळेलसं दिसलं की मी तुझे पेपर दुसऱ्या मास्तरांना तपासायला द्यायचो आणि त्यांनी अर्धा गुण कमी केला की मला बरं वाटायचं. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

ऑफिसात दार लावून मी कंदिलाचा डबा उघडला. वीस. पुन्हा मोजल्या. वीस. घडाच्या एकोणीस. चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या डब्यात ठेवल्या, झाकणं लावली. खरं सांगतो, दारापर्यंत जाईस्तोवर मी वीसच सांगणार होतो. दार उघडलं तर समोर हेडमास्तर, इंदरचंदशेठ, शाळेच्या कमिटीतले दोघं, सगळे निकाल ऐकायला उभे. हेडमास्तर मिशीत हसत होते. डबे माझ्या हातात, मोजणारा मी एकटा, जिंकलेली माझी पोर, आणि तीही एकाच मतानं. मी वर्गात गेलो, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: छगन २०, मंदा १९.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली, हेही लिहून ठेवतो.

संध्याकाळी तू म्हणालीस, "आबा, पुन्हा मोजा. मी घरोघर जाऊन विचारलं होतं, माझी वीस होती." आणि मी तुला हार पचवायला शिकावं यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. तुझ्या मायनं जेवायला हाक मारली तेव्हा थांबलो.

वर्गप्रमुख म्हणजे काय, तर खडू सांभाळायचा आणि फळा पुसायचा. एवढ्याशानं कुणाचं काय बिघडतं, अशी मी समजूत घालून घेतली होती. पण तू ती एक चिठ्ठी शोधत बसलीस. विसांतली अठरा पोरं तुला खात्रीची वाटली, एकोणिसावी तू स्वतः. उरली प्रेमकुंवर, कारण छगनचा बाप तिच्या वडलांच्या कापसाच्या जिनात कामाला, आणि नकाशामागून बाहेर येताना तिनं तुझ्याकडे पाहिलं नव्हतं म्हणे. दुसऱ्या दिवशी ती आपल्या ओट्यावर येऊन रडत होती आणि तू तिला खोटारडी म्हणत होतीस. मी आत वर्तमानपत्र वाचत होतो. सगळं ऐकू येत होतं. एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. मी पान उलटलं.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. तू ताप आल्याचं सांगून अंथरुणात पडून राहिलीस आणि वाजंत्री गल्लीतून जाईपर्यंत तोंडावरची गोधडी काढली नाहीस. मी कपाळाला हात लावून पाहिला होता. ताप नव्हता.

डबे मी टाकले नाहीत. शाळेच्या जुन्या वह्यांच्या कपाटात ठेवले होते, नंतर घरी आणले. काल सुतळी सोडून पुन्हा मोजल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तहांचा आणि करारांचा खरेखोटेपणा मी पोरांना शिकवत आलो, आणि माझा पुरावा माझ्याच कपाटात होता.

मला लाज वाटते. तुला कार्डं टाकायची सवय का लागली, तू कुणाचा शब्द का धरत नाहीस, हे मला ठाऊक होतं आणि मी तुझ्याकडून पांझरेच्या पाण्याची खबर घेत बसलो. माझ्यावर राग धर, तो बरोबरच आहे. पण प्रेमकुंवर पाच तारखेला जाते. तिच्यासाठी ये.

आबा


धरणगाव
२८ एप्रिल १९५७

चि. मंदास,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरून नव्हतोच, तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी ओट्यावर असतो.

प्रेमकुंवरला काल सांगितलं. इंदरचंदशेठही होते, त्यांच्यासमोर सांगितलं. शेठ आत निघून गेले. ती बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे माझा हात चुकला नव्हता." मग विचारलं, "मंदाला कळवलंत?" मी हो म्हणालो. म्हणाली, "मग ती येईल." मी म्हटलं, तिचं पत्र नाही. तर पोरीला दुसऱ्या कडेवर घेत म्हणते, "तिचं काय पत्र यायचंय मास्तरजी? ती रागात असली की लिहीत नाही, येते."

मायलाही सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. भाकर समोर ठेवते आणि उठून जाते. आज फक्त एवढं म्हणाली, "पोर नही उनी तं तुमीच देवपूरले जाशात, पायी."

निंबाला झोका बांधून झाला आहे.

आबा


धरणगाव
१८ जून १९५७

चि. मंदास,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. वर तारीख आहे, तीही शाईनं. तुमची शाळा आमच्या आधी उघडली आणि उघडल्या-उघडल्या मतदान घेतलंस, चार पोरींनी वर्गासमोर मोजलं, आणि बेबी नावाची मुलगी तीन मतांनी निवडून आली. हरलेल्या मुलीनं पुन्हा मोजा म्हटलं आणि तू मोजायला लावलंस. बरं केलंस.

तू आखाजीला आलीस त्याबद्दल आता लिहितो. दुपारच्या मोटारीतून उतरलीस आणि आपल्या दारावरून तशीच पुढं गेलीस. माय भाकरतुकडा हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती, तिला मी म्हटलं, थांब. खिडकीतून दिसत होतं. प्रेमकुंवर झोक्यावर बसली होती. तू पुढ्यात जाऊन उभी राहिलीस. दोघी काय बोललात ते ऐकू आलं नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मग तिनं सरकून जागा केली. तेवढं पाहिलं आणि खिडकीतून बाजूला झालो. मला रडू आलं, मायनं पाहिलं, आणि सहा दिवसांत पहिल्यांदा मला पाणी आणून दिलं.

नंतर तू घरी आलीस, खापरावरची पुरणपोळी आणि रस जेवलीस, मायशी देवपूरच्या गोष्टी बोललीस. मला म्हणालीस, "डबे द्या." तुम्ही दोघींनी ओट्यावर बसून मोजलं. प्रेमकुंवरची पोर चिठ्ठ्या तोंडात घालत होती, तिच्या तोंडातून एक काढून मोजावी लागली. वीस म्हणताना तुझा आवाज वर्गात यायचा तसा आला. सहा तारखेला निघताना तू मला एकच वाक्य बोललीस. "आबा, निकाल फळ्यावर लागला होता."

सुट्टी होती, म्हणून दीड महिना थांबावं लागलं.

काल शाळा उघडली. आठवीचा वर्ग तोच, खिडकीजवळचा. मी छगनला निरोप धाडला होता. तो आता इंदरचंदशेठच्या जिनात कापसाचा काटा करतो. मिशा फुटल्या आहेत, पण मागच्या बाकावर बसला तो शाळेतल्यासारखाच, अर्धा बाहेर. हेडमास्तरांनाही बोलावलं होतं. ते आले नाहीत, दारावरून जाताना थोडे रेंगाळले मात्र.

मी डबे टेबलावर ठेवले. फळ्यावर लिहिलं: जानेवारी १९५२. कंदील २०, घड १९. विजयी, मंदा तोताराम. खाली लिहिलं: पूर्वीचा निकाल खोटा होता, तो मी लावला होता. सही केली. मग का लावला तेही पोरांना सांगितलं, तुला लिहिलं तसंच. पहिल्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, हे परीक्षेत येणार का?" मी म्हटलं, "येईल."

तास संपल्यावर पोरं गेली. छगन बसून राहिला. मला वाटलं, रागावला असेल, पाच वर्षांपूर्वीची टोपी आज सगळ्यांसमोर उतरवली. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सर, मले ठाऊक व्हतं मनी एकोणीसच शेतस. मी बी घरोघर फिरनू व्हतू."

"मग बोलला का नाहीस?"

तो लाजला. फळ्याकडे बघत म्हणाला, "मले वाटनं, विसावं मत मंदानीच दिन्हं. सोताना डबा सोडीसन मले दिन्हं. कोनले सांगं नही, पन पाच वरीस त्याच ऐटमा फिरनू. वजन करताना एखादा शेतकरी म्हने, छगन, काटा नीट धर. तं मना मनमा ये, आपले समोरना मानूसनी बी मत देयेल शे, आपन लबाडी कशी करवी?"

मंदा, हे ऐकून माझ्या हातातला खडू खाली ठेवावा लागला. मी तुझ्याकडून घेतलं तेवढंच धरून बसलो होतो. त्याला काय देऊन बसलो होतो ते मला माहीतच नव्हतं, आणि काल तेही काढून घेतलं.

छगननं दोन्ही डबे उचलून पाहिले, खुळखुळ वाजवले, परत ठेवले. जायला निघाला, दारात वळला आणि म्हणाला, "मंग सर, ते मत कोनं व्हतं?"

मी म्हणालो, "माझं."

तुझा
आबा